तिसऱ्या दिवसाचा ताप

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे पारामावशी म्हणत. एक तर थर्मामीटरचा ट्रे बावीस वर्षं तिच्याच हातात होता, आणि दुसरं म्हणजे तिचा स्वतःचा पारा चढायलाही फारसा वेळ लागत नसे. भेटायला आलेला एखादा नवरा पलंगाच्या कडेला टेकला रे टेकला, की ही नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. तो बिचारा असा उठायचा जसा काही त्याच्या खाली विस्तव ठेवलाय. कागदोपत्री ती आया होती. चादरी बदलणं, भांडी देणं, फरशी पुसणाऱ्यांवर ओरडणं हे तिचं काम. पण वॉर्डात बाया जास्त आणि सिस्टर कमी, त्यामुळे ताप बघायचं काम कधीतरी तिच्याकडे आलं आणि मग तिच्याकडेच राहिलं. ती आकडा वाचायची, मोठ्या सिस्टर तो कागदावर चढवायच्या.

त्या वॉर्डाचा एक नियम होता. बाळंतपण साधं असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी सातला ताप बघायचा, साडेआठला डॉक्टरांची फेरी, आणि आकडा चांगला असला की दहापर्यंत बाई घरी. आकडा वर असला की मात्र तिची रवानगी कोपऱ्यातल्या खोलीत. ही खोली म्हणजे एक पलंग, एक स्टूल आणि जिन्याकडे उघडणारी एक खिडकी, तीही रंग लावताना चिकटून बसलेली. तिथे भेटायला कुणी यायचं नाही, बाळ दुसरीकडे ठेवायचं, दूध वाटीत काढून ओतून द्यायचं. ताप एकीचा दुसरीला लागू नये म्हणून ही सोय, आणि सोय चुकीची होती असं कुणीच म्हणणार नाही. पण बाया कळांना जेवढ्या घाबरत नसत तेवढ्या त्या खोलीला घाबरत.

पारामावशीने त्या खोलीत अकरा दिवस काढले होते, नोकरीला लागायच्या खूप आधी, धाकट्याच्या वेळी. ताप दुधाचाच निघाला, पण एकदा नाव लागलं की सुटका लवकर होत नाही. थोरली लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. बारावा दिवस उजाडला तेव्हा मावशी घरी गेली, दारातच बसून तिने हात पसरले, तर पोरगी आत्याच्या पाठीमागे जाऊन लपली आणि आत्यालाच 'आई' म्हणाली. आता ती लेक स्वतः दोन पोरांची आई आहे, दर रविवारी न चुकता फोन करते, तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. मावशीच्या मते त्या दिवशी मायलेकींच्यात जे तुटलं ते कधी सांधलंच नाही. लेकीला विचाराल तर तिला यातलं काही आठवतही नाही.

तेव्हा मावशीच्या एप्रनच्या खिशात तापाच्या साध्या पांढऱ्या गोळ्या का असायच्या, हे समजायला फार डोकं लागत नाही.

ती साडेपाचला कामावर यायची. ज्यांचा तिसरा दिवस असेल त्यांच्या कपाळावर आधी हात ठेवून जायची. एखादी गरम लागली की तिचे स्वतःचे कायदे होते. छाती दगडासारखी घट्ट झालीय का ते बघायचं. पोटात दुखतं का ते विचारायचं. आणि बदललेलं कापड नाकाशी नेऊन वास घ्यायचा, कारण आतून काही बिघडलं तर कापड बोलतं, असं तिचं ठाम मत होतं. वास आला की ती क्षणभर थांबायची नाही, सरळ सिस्टरना उठवून आणायची. अशा सात-आठ बाया तिने डॉक्टरांच्या आधी ओळखल्या होत्या आणि त्या वाचल्या होत्या, हे सगळं हॉस्पिटल मान्य करायचं. पण वास नाही, पोट दुखत नाही आणि छाती भरलेली, म्हणजे ताप दुधाचा. मग ती इकडेतिकडे बघून एक गोळी त्या बाईच्या हातावर ठेवायची आणि पाण्याचा पेला पुढे करायची. सातला आकडा खाली. दहाला बाई घरी, आपल्या पोरांत.

मोठ्या सिस्टरना हे ठाऊक होतं का? होतं आणि नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही, हिने कधी सांगितलं नाही. पलंग रिकामे होत होते, खाली दारात नव्या बाया बाकांवर बसलेल्या असत, आणि बावीस वर्षांत एकही गेलेली बाई तापाने परत आली नव्हती. निदान त्या हॉस्पिटलात तरी आली नव्हती. दुसरीकडे कुठे गेली असेल तर ते मावशीला कोण कळवणार?

आणि मग शिंपीण आली.

ती घरी शिलाई करायची. अंगाने काटकुळी, जिभेने तिखट, डाव्या हाताच्या बोटांची टोकं सुईने खरखरीत झालेली. कळा येत असतानाही तिने पडद्याची उसवलेली किनार बघून नाक मुरडलं होतं. "हे कुणी शिवलंय? डोळे मिटून शिवलंय वाटतं," म्हणाली, आणि लगेच पुढच्या कळेने ओरडली. मावशीला ती तिथेच आवडली. दुसरीही मुलगीच झाली, चांगली गुटगुटीत. थोरली चार वर्षांची, घरी आजीजवळ. संध्याकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या की थोरली खाली फाटकाशी उभी राहायची, कारण लहान मुलांना वर सोडत नसत. शिंपीण खिडकीच्या गजांतून हात हलवायची आणि खालून रडण्याचा आवाज यायचा.

"दोन दिवस धड जेवली नाही पोर," सासूबाई म्हणाल्या. "तू ये बाई एकदाची घरी. मला आवरत नाही ती."

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"अगं, तापली आहेस की."

"थोडंसं कणकणल्यासारखं वाटतंय," शिंपीण उठून बसत म्हणाली. "मावशी, आज मला घरी जायचंय हं. काहीही करा."

"काहीही करा म्हणजे? मी काय इथली मोठी डॉक्टर आहे? थांब, बघू दे."

छाती भरलेली होती. हात लावला तरी ती कळवळली.

"पोटात दुखतं?"

"नाही."

"खालच्या बाजूला? दाबलं तर?"

"नाही हो. कुठेच नाही."

मावशीने कापड नाकाशी नेलं. आता यात एक गोष्ट अशी होती, की गेले चार दिवस तिला पडसं झालं होतं. नाक असं चोंदलं होतं की सकाळचा चहा कसला आहे हेही तिला जिभेवरूनच कळत होतं. तिने दोनदा श्वास ओढून बघितला. काही लागलं नाही. काही लागणारच नव्हतं. खालून, फाटकाच्या बाजूने, कुणाचं तरी मूल रडत होतं. ते शिंपिणीचं नव्हतं, इतक्या सकाळी ते तिथे कसं असेल, पण मावशीला ते तिचंच वाटलं.

तिने गोळी दिली. शिवाय कागदाच्या पुडीत आणखी चार बांधून दिल्या. "दूध सुरळीत होईपर्यंत कणकण राहील. लागली तर घे," म्हणाली. सातला आकडा अगदी शहाण्यासारखा खाली होता. सिस्टरनी तो लिहिला, डॉक्टरांनी वाचला, आणि साडेनऊलाच शिंपीण सासूच्या हाताला धरून जिना उतरली. मावशी खिडकीतून बघत होती. थोरलीने आईच्या पायांना अशी मिठी मारली की दोघी पडता पडता वाचल्या. त्या दिवशी मावशी घरी जाताना मनातून खूश होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

सहाव्या दिवशी सकाळी नऊला शिंपीण परत आली. चालत नाही, चाकांच्या खुर्चीवरून. थंडी वाजून दात वाजत होते आणि चेहरा फरशीसारखा पांढरा पडला होता.

"कालपासून ताप आहे," सासूबाई बाळाला खांद्यावर थोपटत सांगत होत्या. "थोरलीलाही आलाय हो. आमच्या गल्लीत घरटी एक जण पडलाय."

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाची पक्की. तिने आधीचे कागद मागवले आणि उभ्या उभ्या वाचले. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, सगळे आकडे स्वच्छ. गावात तापाची साथ होतीच, सकाळपासून तिने तसल्याच चार बाया बघितल्या होत्या. पोट दाबल्यावर शिंपीण कण्हली, पण सहा दिवसांच्या बाळंतिणीचं पोट दुखतंच.

"इथून गेली तेव्हा अगदी ठीक होती," ती सिस्टरना म्हणाली. "घरी लागण झालेली दिसते. रक्त पाठवा, सलाईन चालू करा, रिपोर्ट आले की बघू."

मावशी ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तो कागद खोटं बोलतोय, हे त्या खोलीत एकट्या तिला माहीत होतं. ताप कालचा नव्हता. तो तिसऱ्या दिवशी पहाटेचा होता, आणि मधले दिवस तो पुडीतल्या चार गोळ्यांखाली दडून बसला होता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंही तिने. पण आपल्या पोटावर पाय येईल, बावीस वर्षांचं नाव मातीत जाईल, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती हातची जाईल, असं सगळं एकदमच डोक्यात आलं आणि ते तोंड तसंच मिटलं.

शिंपिणीला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. कपडे बदलायला मावशीच गेली. पडसं आता गेलं होतं, नाक मोकळं होतं. तिने दार लावून कापड नाकाशी धरलं, एकदा, दोनदा, तीनदा. रक्ताचा नेहमीचा वास, दुसरं काही नाही. तिच्या जिवात जीव आला. वास नाही म्हणजे आतलं काही नाही. म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणतात तेच खरं, गल्लीतला ताप. गोळीचा यात काय संबंध? असं तिने स्वतःला समजावलं, आणि माणसाला स्वतःला समजवायचं असलं की फार वेळ लागत नाही.

अकराला मोठ्या सिस्टरनी तिला कपाटाच्या आड गाठलं.

"त्या दिवशी हिला काही दिलं होतंस?"

मावशी ट्रेमधला कापूस सारखा करायला लागली.

"मला सांगूही नकोस," सिस्टर म्हणाल्या. "औषध चालू आहे. उतरेल. आता बोलून तुझंही जाईल आणि माझंही. समजलं?"

"समजलं," मावशी म्हणाली.

बाराला ताप होता तसाच. एकला नाडी मोजताना मावशीचे आकडे चुकायला लागले, इतकी नाडी पळत होती. दोनच्या सुमाराला शिंपीण बडबडायला लागली. "छत्तीस... कंबर अठ्ठावीस... बाही आखूड करायची ना? उंची सांगा, उंची सांगा की..." डोळे उघडे होते, पण समोर कोण आहे हे तिला कळत नव्हतं. हातपाय गार पडले होते आणि नखं निळी दिसत होती. बाहेर व्हरांड्यात बाळ भुकेने आक्रंदत होतं आणि सासूबाई त्याला कापसाच्या बोळ्याने पाणी पाजत होत्या.

मावशीने ट्रे स्टुलावर ठेवला. पुढे तिने काय केलं ते धैर्य होतं असं म्हणता येणार नाही. ती घाबरली होती, सकाळी नोकरीसाठी घाबरली होती तशीच, फक्त आता भीती दुसरीकडची मोठी झाली होती. ती व्हरांड्यातून जवळजवळ धावत गेली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या एका बाईला टाके घालत होती.

"बाई, तो कागद खोटा आहे," मावशी दारातूनच म्हणाली.

"कुठला कागद?"

"शिंपिणीचा. तिला इथेच ताप होता. तिसऱ्या दिवशी पहाटे. मी गोळी दिली म्हणून आकडा उतरला. आणि घरी न्यायला चार दिल्या."

डॉक्टरीणबाईचा हात थांबला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती वाजता दिलीत?"

"साडेपाचला."

"म्हणजे आज चौथा दिवस." ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, आणि मग हातमोजे काढता काढताच तिने सिस्टरना हाका मारल्या, मोठ्या डॉक्टरांना बोलवा, थिएटर मोकळं करा, रक्ताची सोय करा. टाके अर्धवट राहिलेल्या बाईकडे दुसरी सिस्टर धावली. वॉर्डात एकदम पळापळ झाली, आणि त्या पळापळीत मावशीला कुणी काही सांगेना, की कुणी तिच्याकडे बघेना.

साडेचारला शिंपिणीला आत नेलं, सातला बाहेर आणलं. ती वाचली. गर्भाशय मात्र काढावं लागलं, ते आतून पुरतं सडलं होतं.

डॉक्टरीणबाई हात धुवायला आली तेव्हा मावशी तिथे भिंतीशी उभी होती.

"बाई, मी वास घेतला होता हो. आज सकाळीपण घेतला. काही नव्हतं."

डॉक्टरीणबाई नळ चालू ठेवून तिच्याकडे बघत राहिली. दमून तिचे डोळे आत गेले होते.

"मावशी, वास येणारा ताप बरा म्हणायचा, तो सांगून येतो. सगळ्यांत वाईट जातीला कधी कधी वासच नसतो."

तिसऱ्या दिवशी वास असणारच, पडशामुळे तो आपल्याला लागला नाही, एवढा एकच आधार मावशीने दुपारपासून धरून ठेवला होता, तोही गेला. म्हणजे नाक चांगलं असतं तरीही तिने गोळी दिलीच असती. आणि आधीच्या बावीस वर्षांत ज्या शेकडो बायांना दिली, त्या तिच्या ज्ञानावर नाही, नुसत्या नशिबावर घरी गेल्या होत्या. एखादी गेलीही असेल कुठे. तिला आता प्रत्येकीचा चेहरा आठवायचा होता आणि एकही धड आठवत नव्हता.

"सकाळी नऊलाच सांगितलं असतं तर..." ती म्हणाली.

"माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "खरंच माहीत नाही. कदाचित पिशवी राहिली असती." आणि ती नळ बंद करून निघून गेली.

मोठ्या डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावून सगळं दोनदा वदवून घेतलं. नोकरीवरून काढलं नाही. ट्रे काढून घेतला आणि तिला खाली कपड्यांच्या खोलीत टाकलं, धुऊन आलेल्या चादरी मोजायला. शिंपिणीच्या घरच्यांना सांगितलं गेलं ते एवढंच, की आत लागण झाली होती, वेळेवर आणलंत म्हणून वाचली. यात खोटं एक अक्षर नव्हतं. सासूबाई जिन्यात मावशीला भेटल्या, तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुम्ही धावलात म्हणून आमची सून राहिली हो." मावशीला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. रविवारी लेकीचा फोन आला तर तिने उचलला नाही.

पाचव्या दिवशी ती चादरी देण्याचं निमित्त करून वर गेली. शिंपिणीला आता कोपऱ्यातल्या खोलीतून शेजारच्या खोलीत हलवलं होतं; ती उशीला टेकून बसली होती, गालफडं बसलेली, बाळ मांडीवर. दूध आटलं होतं, ती त्याला बाटली देत होती.

मावशी स्टुलावर बसली. तिने आदल्या रात्री जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत.

"त्या गोळ्या," ती म्हणाली. "त्या गोळ्यांनी तुझा ताप झाकला गं. मी झाकला. नाहीतर तिसऱ्याच दिवशी कळलं असतं. तुझी पिशवी माझ्यामुळे गेली. आणि तू परत आलीस त्या दिवशीही मी पाच तास तोंड शिवून बसले." तिला रडू कोसळलं. "मी आज तुझ्या घरच्यांना सांगणार आहे. तुझ्या नवऱ्याला, सासूला. त्यांनी मला काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत, पोलिसांत द्यायचं तर देऊ देत."

शिंपिणीने बाटली बाजूला ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मावशी वाट बघत होती. राग आला नाही, जे आलं ते वेगळंच होतं.

"नका सांगू," ती घाईघाईने म्हणाली. दाराकडे बघून तिने आवाज खाली आणला. "मावशी, त्या दिवशी पोटात दुखत होतं माझ्या. रात्रभर दुखत होतं. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोनदा नाही म्हटलं. कोपऱ्यातल्या खोलीत घालाल म्हणून."

मावशीने डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला.

"घरी गेल्यावर पण. तुमच्या गोळ्या संपल्या तेव्हा मी दुकानातून आणखी आणवल्या. शेजारणीला सांगून, गुपचूप. हे निघालं ना, तर सगळे म्हणतील हिनेच करून घेतलं आपल्या हाताने. आता मूल होणार नाही म्हटल्यापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत. सासूबाई रोज रडतात. पण अजून त्यांना माझी दया येतेय, मावशी. दैवाने केलं म्हणतात. तेवढं तरी राहू दे मला."

"अगं, पण चूक माझी आहे. तू पोर आहेस, तुला काय कळणार होतं? मी सांगते ना त्यांना तसं."

"तुम्ही सांगून निघून जाल. राहायचं मला आहे तिथे."

व्हरांड्यातून सासूबाईंच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. शिंपिणीने मावशीचा हात मनगटाशी धरला, तापातून उठलेल्या माणसाच्या मानाने फारच घट्ट, आणि तो मांडीवरच्या बाळाच्या डोक्यावर दाबून ठेवला.

"शपथ घ्या," ती म्हणाली. "लवकर."

मावशीने घेतली.